सुताचं कार्ड

“दोरखंड, पन्नास फूट. एक सोन्याची मोहर,” बाहेरच्या खोलीत चैतालीनं भाव सांगितला आणि स्वयंपाकघरात पेरू चिरणाऱ्या धोंडीरामांचा हात थांबला. सुरी पेरूच्या बियांत तशीच रुतून राहिली.

दोराच्या भावावरून झालेल्या मस्करीनंतर, एकतीस वर्षांपूर्वी, एक पत्र त्यांना आलं होतं. मालेगावहून, निळ्या आंतर्देशीय कागदावर, घडीच्या कडांपर्यंत गच्च लिहिलेलं. त्याला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. विसरले म्हणून नव्हे. विसरता आलं असतं तर बरंच झालं असतं.

“एक मोहर?” बाहेर पिंकीचा आवाज चढला. “मागच्या खेपेला गुहेतनं चारशे मोहरा आणल्या आपण. सगळ्या याच गावात उधळल्या. तरी दोर एकालाच आणि तलवार पंधरालाच? लय साधी माणसं दिसतात बाई या गावात.”

“पुस्तकात तोच भाव आहे.”

“अगं, तू कॉस्टिंगला बसतेस ना? कंपनीत स्क्रू चार आण्यांनी महागला तर आमच्या डिस्पॅचला येऊन भांडतेस.”

“तिथं मी कॉस्टिंगला आहे. इथं मी देव आहे.”

“मग देवानं त्या लोहाराला थोडी अक्कल द्यावी,” हुजैफा म्हणाला. “नाही तर आपल्या पर्चेसच्या साहेबांना पाठवा या गावात. पंधराची तलवार साडेअकराला उचलतील, वर नव्वद दिवसांची उधारी.”

तिघं हसले. फासे टेबलावर खडखडले.

चैताली धोंडीरामांची सून. अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला. हुजैफा आणि पिंकी तिथलेच. हुजैफा डिझाईनमध्ये, मूळचा मालेगावचा. पिंकी माल पाठवण्याच्या खात्यात, सिन्नरकडची, दोन मुलांची आई. एक रविवार आड तिघं देवळाली गावातल्या या घरी जमत आणि हा खेळ मांडत. खेळात सोंगट्या थोड्या, बोलणं फार. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी योद्धा, कुणी जादूगार. गुहा, राक्षस, राजे, बाजार. काय घडेल ते थोडं आपण ठरवायचं, थोडं फाशांनी. धोंडीरामांचा मुलगा बुद्धभूषण मनमाडला रेल्वेत होता आणि त्याची सुट्टी रविवारी कधी येत नसे. आली तर तो या गोंधळात झोपून जाई.

आठ महिने धोंडीराम हा खेळ स्वयंपाकघरातून ऐकत होते. चहा करत, काहीबाही चिरून देत, पुन्हा आत जात. आपणही कधीकाळी हाच खेळ खेळवला आहे, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर कुठून सुरुवात करायची? आणि आपण जे खेळलो ते हेच होतं का, याची तरी कुठं खात्री होती?

त्यांनी फोडींवर तिखटमीठ भुरभुरलं आणि ताटली घेऊन बाहेर आले.

“दोर एका मोहरेला परवडत नाही,” ताटली ठेवता ठेवता ते म्हणाले. आवाज इतका खाली की फक्त हुजैफानं मान वर केली.

“काय म्हणालात, काका?”

“काही नाही.” ते वळले. मग दारातच थांबले. “मोहर किती वजनाची धरता, त्यावर आहे. आम्ही तोळ्याची धरली होती. ती चूक झाली.”

चैतालीनं हातातला फासा खाली ठेवला. “आम्ही म्हणजे कोण, बाबा?”

*

डबा पत्र्याचा होता. पूर्वी त्यात वेल्डिंगच्या कांड्या येत. धोंडीरामांनी तो कपाटाच्या वरच्या फळीवरून काढला, पुसला, पुन्हा ठेवावा का याचा क्षणभर विचार केला आणि बाहेर नेऊन टेबलावर ठेवला.

त्यांनी सांगितलं ते तुटक तुटक. अंबडमध्येच, पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. देवळाली कॅम्पच्या बाजारात एक रद्दीवाला होता. लष्करातल्या कुटुंबांच्या बदल्या झाल्या की पुस्तकांचे गठ्ठे त्याच्याकडे येत, आणि धोंडीराम महिन्यातून एकदा ते चाळायला जात. तिथं त्यांना एक जाड परदेशी पुस्तक मिळालं. सुरुवातीची काही पानं फाटलेली, सोबत एका चंचीत चित्रविचित्र कोनांचे सात फासे. रद्दीवाला म्हणाला, पुस्तक किलोवर घ्या, फासे तसेच न्या. शब्दकोश घेऊन दीड वर्ष त्यांनी ते मराठीत उतरवलं. खेळायला माणसं हवीत म्हणून कारखान्यातलेच तिघं गोळा केले: कँटीनचा समाधान, गाडीवरचा जयराम आणि लेथवरचा इनायत.

“तुम्ही खेळवायचात?” पिंकीनं विचारलं. “म्हणजे देव तुम्ही?”

“स्टोअरकीपर,” धोंडीराम म्हणाले.

डब्यात कार्डं होती. कारखान्याच्या स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूच्या खणाला एक पिवळट जाड कार्ड लटकवलेलं असे, आवक, जावक आणि शिल्लक लिहायला. रद्द झालेल्या कार्डांच्या कोऱ्या बाजूवर धोंडीरामांनी आपल्या खेळातल्या मुलखाच्या बाजाराची कार्डं केली होती. दोर, कंदील, जोडे, तलवार, खारवलेलं मांस, शिडी. अक्षर बारीक आणि सरळ, शाई तपकिरी पडलेली.

चैताली एकेक कार्ड उलटत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत चाललं होतं.

“बाबा! तुम्ही गाढवालासुद्धा रिऑर्डर लेव्हल टाकलीय. ‘कमीत कमी साठा: दोन गाढवं.’”

“गावातली गाढवं संपली की मीठ येत नाही,” धोंडीराम गंभीरपणे म्हणाले. “पुस्तकात दुकानं कधी रिकामी होतच नव्हती. ते मला पटत नव्हतं.”

“ऐका, देवीजी,” हुजैफा म्हणाला. “काकांच्या मुलखात माल संपतो.”

“आणि तोळ्याचं काय झालं?” पिंकीला तेच हवं होतं.

धोंडीरामांनी एक पेरूची फोड उचलली, पाहिली, परत ठेवली. पुस्तकात भाव सोन्याच्या नाण्यांत होते. नाणं केवढं ते फाटलेल्या पानांत गेलं असावं. त्यांनी आपलं तोळ्याचं धरलं आणि त्याच हिशेबानं चांदी, तांबं, मीठ सगळं बसवलं. सहा महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका रविवारी खोल विहिरीत उतरायला दोर घ्यायचा होता आणि इनायतनं भाव विचारला.

“काय म्हणाले ते?”

“म्हणाला, ‘दोराला तोळाभर सोनं? धोंडीरामभाऊ, तुमच्या मुलखात गळफास घ्यायचा तर माणसाला आधी बायकोचे दागिने मोडावे लागतील.’”

पिंकी हसताना पुढं वाकली. हुजैफानं टेबलावर थाप मारली. धोंडीरामही थोडे हसले. त्या दिवशीही ते सगळ्यांसोबत हसले होते. जयराम तर आठवडाभर स्टोअरच्या खिडकीशी येऊन “एक तोळ्याचा दोर द्या” म्हणायचा, आणि ते दर वेळी हसायचे, आणि दर वेळी काहीतरी आत मुडपून ठेवायचे. दीड वर्षाच्या कष्टांचा मुलूख होता तो. त्यात त्यांना जितकं ठामपणे बोलता येई तितकं घरात नाही, कारखान्यात नाही, कुठंच येत नसे.

“हे कार्ड काय आहे?” चैतालीनं शेवटचं कार्ड उजेडात धरलं. वर नाव होतं: सूत. खाली सगळं पेन्सिलीनं लिहून खोडरबरानं पुसलेलं. पुसून पुसून कार्डाचा मधला भाग कागदासारखा पातळ झाला होता. “याचा भाव ठरलाच नाही?”

धोंडीरामांनी डब्याच्या तळाशी हात घातला आणि आंतर्देशीय पत्र काढून टेबलावर ठेवलं.

“त्यासाठी हे आलं होतं. वाचा हवं तर. मस्करीच आहे. तो पुष्कळ मस्करी करायचा.”

*

हुजैफानं पत्र वाचायला घेतलं. मालेगावचा शिक्का पाहून त्याला गंमत वाटली होती, म्हणून तो थोडा नाटकी सुरात वाचू लागला.

“‘धोंडीरामभाऊंना इनायतचा सलाम. दोराची मस्करी पुष्कळ झाली, आता एक कामाचं विचारतो. मी दोन रविवार येणार नाही, पण खेळातला माझा कासीम तुमच्या मुलखात आहेच. कासीम आता तलवार ठेवून द्यायचं म्हणतो. राजाच्या पागेत त्याची कायमची चाकरी आहे, महिन्याच्या महिन्याला दाणे मिळतात. पण गावी त्याच्या बापाचे आठ माग आहेत आणि ते बघणारा मोठा भाऊ अल्लाला प्यारा झाला. बाप म्हणतो, ये. पागेतली चाकरी एकदा सोडली की परत घेत नाहीत.’”

“वा,” पिंकी म्हणाली. “योद्धा रिटायर.”

“‘आता हिशेब असा. सूत व्यापारी देणार, कापड तोच नेणार, मीटरला पाऊण मोहर मजुरी. दोन कारागीर ठेवावे लागतील. तुमच्या मुलखात वीज नाही, म्हणून माग बैलावर चालतो असं धरा. पण हा बैल दिवसातून तीन तास बसतो आणि कधी बसेल ते सांगत नाही.’” हुजैफा हसला. मग हसता हसता त्याचा आवाज खाली आला आणि पुढचं त्यानं सावकाश वाचलं. “‘कांड्या कासीमची बायको घरी भरेल. तिची मजुरी धरू नका, ती कुणीच धरत नाही. दोन मुली आहेत, धाकटी अंगावर पिते. मुलूख तुम्ही बनवला, भाव तुम्ही लावले. तुम्ही सांगा, या माणसाचं भागेल का? अमावास्येच्या आत राजाला हो की नाही सांगायचं आहे. तुमचं उत्तर आलं की कासीम ठरवील. दुसऱ्या कुणाला विचारावं असा माणूस कासीमला नाही.’”

खाली नाव, मोहल्ला, गल्ली, घर नंबर.

हुजैफानं पत्र टेबलावर ठेवलं नाही. हातातच धरून त्यानं विचारलं, “काका, हे कोणत्या साली आलं?”

“चौऱ्याण्णव.”

“हा बैल नाही, काका. ही लाईट आहे. आमच्याकडे अशीच जायची, सांगून नाही जायची. पाऊण मोहर म्हणजे पाऊण रुपया. त्या वेळच्या मजुरीचा आकडा असाच काहीतरी माझे आजोबा सांगतात.” त्यानं पत्रातल्या पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. “आणि कांड्या. माझी आजी आयुष्यभर कांड्या भरत होती. मागाचं सूत त्या कांडीवर गुंडाळून द्यावं लागतं. गेममध्ये हे कुणाला सुचेल? कासीमच्या बायकोची मजुरी कोण कशाला धरेल नाही तर सोडेल?”

पिंकीनं वाकून त्याच्या हातातल्या पत्राकडे पाहिलं.

“हे कासीमचं नाही,” हुजैफा म्हणाला. “हे त्यांचं स्वतःचं आहे.”

“नाही, नाही,” धोंडीराम म्हणाले. “तो मस्करीच करायचा.” ते पेरूच्या फोडी ताटलीत एका बाजूला सारू लागले, मग दुसऱ्या बाजूला. बाजूला पडलेल्या बिया बोटानं एकेक करून गोळा केल्या. “दोराच्या वेळीसुद्धा…”

“तुम्ही उत्तर काय दिलंत, बाबा?”

बिया गोळा करून झाल्या होत्या. तरी त्यांचं बोट ताटलीवर फिरत राहिलं.

“तीस वर्षं?” पिंकीच्या तोंडून निघून गेलं. “माझ्या नवऱ्यानं मेसेज बघून तीन मिनिटं उत्तर नाही दिलं तर मी घर डोक्यावर…” चैतालीनं पाहिलं तशी ती गप्प झाली.

मग धोंडीराम बोलले, ते कार्डाकडे बघून. पुस्तकात अंगरख्याचा भाव होता, पण सुताचा नव्हता. विणणाऱ्याची मजुरी नव्हती. तलवारींचे अकरा प्रकार होते आणि कापड कुठून येतं याबद्दल एक ओळ नव्हती. म्हणून त्यांनी सुताचं नवं कार्ड केलं. इनायतनं दिलेले आकडे घेतले आणि कासीमचं घर मांडलं. दाणे, तेल, मुलींचं दूध, कारागिरांची मजुरी.

“तुम्ही आता म्हणत होता ना, गुहेतलं सोनं गावात आलं की भाव वाढले पाहिजेत? मी ते धरलं होतं. दाण्यांचे वाढायचे. मिठाचे वाढायचे. मजुरी मात्र व्यापाऱ्याच्या हातात, ती तो वाढवायचा नाही. कारण एक कासीम नाही म्हणाला तर दुसरा उभाच असायचा. बारा वेळा मांडलं मी. कुठं दाणे स्वस्त धरले, कुठं बैल बसवलाच नाही. कांड्यांची मजुरी धरून पाहिली, सोडून पाहिली. काही केलं तरी पाचव्या-सहाव्या वर्षी माग मोडीत विकावे लागत होते.”

“मग?”

“मग मला वाटलं, माझं चुकतंय. एवढा मोठा मुलूख. राजा आहे, सोन्यानं भरलेल्या गुहा आहेत, आणि त्यात एक कापड विणणारा माणूस जगू शकत नाही? असं कुठं असतं का? आधीच दोरावरून झालेलं. हे लिहून पाठवलं असतं तर तो म्हणाला असता, बघा, यांच्या मुलखात माणूस गळफासही घेऊ शकत नाही आणि जगूही शकत नाही.” त्यांनी बोटानं ताटली पुढं सारली. “म्हटलं, आधी मुलूख दुरुस्त करावा, मग कळवावं.”

चैतालीनं कार्ड पुन्हा उजेडात धरलं. पुसलेल्या आकड्यांचे खोलगट ठसे तिरप्या उजेडात दिसत होते. कारखान्यात दिवसभर ती हेच करायची. एखादी वस्तू परवडते की नाही, ते काढायची. तिनं ओठ हलवत एक रांग वाचली, मग दुसरी. टेबलावरची पेन्सिल घेऊन कशाच्या तरी पाठीवर दोन बेरजा केल्या. बराच वेळ लावला.

“बाबा,” ती म्हणाली, “हिशेब बरोबर आहे.”

धोंडीरामांनी मान हलवली. त्यांच्या मुलखाला आजवर कुणी बरोबर म्हटलं नव्हतं.

*

कारखाना सोडताना प्रत्येक माणसाला एका छापील फॉर्मवर सगळ्या खात्यांच्या सह्या घ्याव्या लागत. कँटीनची, सोसायटीची, टाइम ऑफिसची, आणि सर्वांत शेवटी स्टोअरची. अमावास्या होऊन नऊ दिवसांनी इनायत स्टोअरच्या खिडकीशी आला होता. हातात तो फॉर्म, आणि जुन्या फडक्यात गुंडाळलेली हत्यारं. मायक्रोमीटर, व्हर्निअर, दोन पाने, एक तेलाची कुपी. धोंडीरामांनी एकेक वस्तू रजिस्टरशी ताडून पाहिली. व्हर्निअर उघडून, मिटून, शून्यावर येतो का ते बघितलं.

“गावी जाताय म्हणे?”

“हां. अब्बांनी बोलावलं.”

“चांगलं आहे. घरचा धंदा.”

इनायत खिडकीच्या लाकडी फळीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. एरवी तो तिथं आला की काहीतरी बोलून हसवल्याशिवाय जात नसे. त्या दिवशी धोंडीरामांना वाटलं, आता हा पत्राचं काढणार, सुताचा भाव काय झाला म्हणून विचारणार. त्यांनी मान खाली घालून फॉर्म भरायला घेतला. इनायतला काय वाटलं असेल, ते त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

“आणखी काही, धोंडीरामभाऊ?” इनायतनं विचारलं होतं.

“काही नाही. सगळं जमा आहे.”

आणि त्यांनी सही केली होती. सहीच्या वर छापलेलं वाक्य होतं: सदर कामगाराकडून या खात्याचं काहीही येणं बाकी नाही. खात्याकडून त्या कामगाराचं काही बाकी आहे का, याला फॉर्मवर रकाना नव्हता.

पुढं काही वर्षांनी एका लग्नात जयरामनं पंगतीत सांगितलं होतं की इनायतनं माग भंगारात काढले आणि आता तो दुसऱ्याच्या मागावर जातो. धोंडीराम तेव्हा वाढत होते. भाताचा डाव हातात घेऊन ते पुढच्या पानाकडे सरकले होते.

*

“पत्ता तोच असेल तर माझ्या खालाचं, मावशीचं घर दोन गल्ल्या सोडून आहे,” जाताना जोडे घालत हुजैफा म्हणाला. “आत्ता फोन लावतो. आहेत की नाहीत… म्हणजे, तिथंच राहतात का, ते दोन मिनिटांत कळेल.”

“नको,” धोंडीराम म्हणाले.

“काका, निदान माणूस…”

“नको, बाळा.” इतक्या ठामपणे ते त्या घरात क्वचितच बोलले असतील. मग त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. “तो नाही असं कळलं तर मी लिहिणार नाही. आहे असं कळलं तरी लिहिणार नाही. मी मला ओळखतो. आधी पत्र जाऊ दे.”

हुजैफानं फोन खिशात ठेवला.

ते पत्र लिहायला त्यांना अकरा दिवस लागले. पहिल्या कागदावर त्यांनी चार पानं माफी मागितली आणि वाचून पाहिल्यावर त्यात सगळीकडे त्यांना ते स्वतःच दिसले. तो फाडला. दुसऱ्यात तब्येतीची चौकशी होती, बायको भागीबाई चार वर्षांपूर्वी गेल्याचं होतं, मुलाच्या नोकरीचं होतं. जणू मधली वर्षं काही झालंच नव्हतं. तोही फाडला. भागीबाईनं त्या काळी दोनदा विचारलं होतं, “त्या इनायतभाऊंना लिहिलं का? दोन ओळी खरडा नि टाका. त्यात काय एवढी पोथी लिहायचीय?” ते म्हणाले होते, तुला नाही कळायचं, बाजारभावांचा घोळ आहे.

चैताली रोज कामावरून आली की टेबलाखालच्या टोपलीतले फाडलेले कागद बघायची आणि काही न बोलता चहा ठेवायची. आठव्या दिवशी मात्र तिनं कप त्यांच्यापुढं ठेवत म्हटलं, “बाबा, त्यांनी एकच प्रश्न विचारला होता.”

“त्याचं उत्तर आता देऊन काय उपयोग? माग विकून वीस-पंचवीस वर्षं झाली.”

“उपयोग नाहीच,” ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतरही तीन दिवस गेले. अकराव्या दिवशी दुपारी त्यांनी आधी सुताचं कार्ड पुढं ओढलं आणि पुसलेल्या ठशांवरून शाईच्या पेननं एकेक आकडा पुन्हा गिरवला. आकडे सापडत गेले. मग त्यांनी एक साधा कागद घेतला.

“इनायतभाऊ,

कासीमचं भागणार नाही. त्यानं पागेतली चाकरी सोडू नये.

बारा वेळा मांडून पाहिलं. कार्ड सोबत जोडलं आहे. बायकोच्या कांड्यांची मजुरी तुम्ही धरू नका म्हणालात, मी दोन्ही प्रकारे पाहिलं. धरली तर पाच वर्षं निघतात, न धरता सहा.

हे मला अमावास्येच्या आठ दिवस आधी कळलं होतं. मला वाटलं, माझा मुलूख चुकला. मुलूख बरोबर होता. तुम्ही कोणाबद्दल विचारता आहात, ते माझ्या ध्यानात आलं नाही. खिडकीशी आलात तेव्हाही आलं नाही.

धोंडीराम”

‘कळावे’ लिहावं का, यावर ते थोडा वेळ अडले. मग नाही लिहिलं.

नाशिकरोडच्या पोस्टात त्या दिवशी गर्दी बेताची होती. पुढं दोन माणसं, मागं हेल्मेट काखेत धरलेला एक. खिडकीपलीकडच्या मुलीनं पाकीट वजनकाट्यावर ठेवलं आणि पडद्याकडे बघत विचारू लागली.

“पाठवणाऱ्याचा मोबाईल?”

त्यांनी सांगितला.

“घेणाऱ्याचा?”

“नाही.”

“नाही म्हणजे? माहीत नाही का?”

“माहीत नाही.”

“घेणारा नाही सापडला तर परत येईल हं, बाबा. तुमच्याच पत्त्यावर.”

“येऊ द्या.”

तिनं पावती फाडून दिली आणि पाकीट न बघताच मागच्या गोणीवर टाकलं. ते एका बाजूला घसरलं आणि इतर पाकिटांत मिसळून गेलं. धोंडीराम खिडकीच्या फळीवर दोन्ही हात ठेवून उभेच होते.

“काका,” मागचा हेल्मेटवाला म्हणाला, “झालं ना तुमचं?”

त्यांनी हात काढले आणि त्याला जागा करून दिली.